पाल निघालं साजगावला

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला लागला की अण्णा, म्हणजे आमचे थोरले काका, माळ्यावरून पाल खाली काढायला सांगत. कार्तिकी एकादशीला साजगावची यात्रा सुरू होई. खोपोलीच्या शेजारचं हे साजगाव-ताकई. तिथला विठोबा सगळ्या रायगडात आणि घाटावरही बोंबल्या विठोबा म्हणून ओळखला जातो. तुकाराम महाराज मिरची विकायला कोकणात उतरले तेव्हा इथे आले होते, असं आजी सांगायची. पंढरीला जायला जमलं नाही तर इथे माथा टेकला तरी पोचतो, असंही ती म्हणायची. यात्रा पंधरा दिवस चाले. सुके बोंबील, सुकट, जवळा, घोंगड्या, भांडी, पाळणे, तमाशे असं सगळं तिथे. चातुर्मास सुटलेला असे, त्यामुळे घाटावरची माणसं वर्षाची सुकी मासळी भरून न्यायला खाली येत. या गर्दीत आमचं हॉटेल असायचं. हॉटेल म्हणजे एक पाल, त्यात दोन चुली, चार बाकडी, भजी, शेव, जिलबी आणि चहा.

आज आम्ही चुलत-आते भावंडं कुठे कुठे विखुरलोय. कुणी बदलापुरात, कुणी पुण्यात, एक बहीण थेट नाशिकला. पण एकत्र जमलो की हॉटेलच्या जिलबीची आठवण नंतर निघते. आधी निघतं ते पाल, आणि ते तिथवर नेण्याचा खटाटोप.

ते पाल अण्णांच्या वडिलांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेलं होतं. लष्करातलं जाड, हिरवट कापड. वीस-बावीस हात लांब, दहा-बारा हात रुंद, कडेच्या कनाती वेगळ्या. आधाराला सागाच्या दोन मेढी आणि वर आढं. आढं अखंड ठेवलं तर बैलगाडीत मावेना, म्हणून लोहाराकडून लोखंडी नळी करून घेतली होती. दोन तुकडे नळीत दोन्हीकडून घुसवले की आढं तयार. त्या नळीला आजी रॉकेलाचा बोळा लावून फडक्यात गुंडाळून ठेवी, कारण तिला गंज चढला की यात्रेत गेल्यावर तुकडे आतच शिरत नसत. पाल कोरडं असलं तर चार माणसांना उचले. ओलं असलं तर सहा लागत, आणि सहाव्याला शिव्या खाव्या लागत.

माळ्यावरून निघालेलं पाल आधी खळ्यावर अंथरत. आमच्याकडे कार्तिक म्हणजे भाताचा हंगाम. भारे येऊन पडलेले, झोडणी चाललेली, आणि नेमकं त्याच खळ्यावर पालाला ऊन द्यायचं. पुरुष कुरकुरत. आजी मात्र ठाम असे. कुबट वासाच्या पालाखाली कोण बसून जिलबी खाईल, असं ती विचारी. काळे ठिपके पडलेल्या जागा ती कुंच्याने झाडी. शिवणी तपासून उसवलेल्या ठिकाणी सुई-दोरा आणि वरून मेणबत्ती घासून लावणं हे काम आत्याचं. अवकाळी पाऊस आला तर पाणी आधी शिवणीतून उतरतं, हे आम्हाला तिने दाखवलं होतं. तिने मेण लावलेल्या शिवणीवर बोटं फिरवली की गुळगुळीत लागायचं, आणि त्या बोटांना दिवसभर मेणाचा वास येई.

मग गुंडाळी. कापड लांबीत दुमडून दोन्ही कडा मध्यावर आणत, पुन्हा एकदा दुमडत, आणि एका टोकाकडून गुंडाळायला लागत. मोठी माणसं गुंडाळत आणि आम्ही पोरं अनवाणी त्या अजून न गुंडाळलेल्या पट्टीवर चालत पुढे सरकत असू. आतली हवा निघायची ती अशी. ‘टाचेनं नको, तळव्यानं चला रे,’ आत्या ओरडायची, कारण टाचेखाली खडा असला तर कापड टोचायचं. नीट चाललं तर गुंडाळी हातभर बारीक व्हायची, आणि हातभर म्हणजे गाडीत एका बाकड्याची जागा. कामाला येणाऱ्या माणसाइतकाच मान आम्हाला तेव्हा मिळे. चहासुद्धा कपात, वाटीत नाही.

गाडीचे दिवस आमच्यातल्या थोरल्या दोघा-तिघांनीच पाहिले. बाकीच्यांनी ऐकले. पाल नेमकं कुठे ठेवायचं याचं शास्त्र होतं. फार मागे ठेवलं तर गाडी उलार होई, जू वर उचललं जाऊन बैलांच्या मानेला जोत फासासारखं लागे. फार पुढे ठेवलं तर सगळा भार बैलांच्या मानेवर. म्हणून गुंडाळी बरोबर आखावर, किंचित पुढे. भांडी, कढई, पिठाची पोती मागच्या बाजूला तोलाला. मेढी आणि आढ्याचे तुकडे कडेने उभ्या लांबीत, टोकं मागे बाहेर आलेली आणि त्यांना लाल फडकं बांधलेलं. कर्जतहून रात्री निघायचं. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी ही आगगाडीची स्टेशनं एकेक करून मागे टाकत पहाटे खोपोली. लांबचा पल्ला नव्हे, पंधराएक किलोमीटरच. पण भरल्या गाडीला आणि कापणीनं दमलेल्या बैलांना तो पुरायचा.

खोपोलीच्या या भागाला बैल आणि तळाचं सामान काही नवीन नाही. १७७८ च्या अखेरीस मुंबईहून निघालेली इंग्रजांची फौज पनवेलवरून बोरघाट चढून पुण्याच्या दिशेने गेली, तेव्हा चार हजारांच्या आतबाहेर सैनिकांबरोबर तोफा आणि सामान ओढायला १९ हजार बैल होते. दिवसाला जेमतेम मैल-दोन मैल सरकणारी ती फौज जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांपुढे हतबल झाली. शाळेत हा धडा होता, आणि तो शिकताना माझ्या डोळ्यांपुढे तलवारी यायच्या नाहीत. हजारो बैलांवर दोर कसे आवळले असतील, आणि डेऱ्यांच्या मेढी रोज कोण मोजत असेल, हेच मनात यायचं. मोठेपणी वाचताना कळलं की ती फौज हरण्याला हा पसाराही कारणीभूत होता.

बैलगाडी सुटली ती आगगाडीमुळे. कर्जतला खोपोलीची गाडी बराच वेळ उभी असे आणि खोपोली शेवटचं स्टेशन, म्हणून चढवा-उतरवायला घाई नसे. सामानाच्या डब्यात गुंडाळी आडवी टाकायची आणि आमच्यातले दोघं तिच्यावर बसायचे. मेढी मात्र आगगाडीत चालेनात. मग मेढी आणि बांबू तिथेच भाड्याने घ्यायचे ठरलं. अण्णांना ते कधी आवडलं नाही. भाड्याचा बांबू कुठे चिरलेला आहे ते वारा सुटल्यावरच कळतं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंच होतं. पुढे काही वर्षं एसटी. मागच्या शिडीवरून टपावर चढून पाल वर ओढून घ्यायचं, ही गोष्ट आमच्या भावांना फार आवडे, कारण कंडक्टर ‘आवरा, आवरा’ करत खाली उभा असे आणि सगळे प्रवासी खिडकीतून बघत असत. टपावरच्या लोखंडी कठड्याला नाडा दोन जागी आवळायचा आणि टोक पुन्हा पहिल्या फेऱ्याखालून काढायचं. एकच गाठ घातली तर धक्क्यांनी ती ढिली होते. ही गाठ आमच्या धाकट्या काकांनी आम्हाला शिकवली. आज गाद्या-कपाटं हलवताना आमच्या घरातला कुणीही टेम्पोवाल्याच्या आधी दोर हातात घेतो.

टाटाची ४०७ आली १९८६ मध्ये. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच आमचं पाल टेम्पोतून जायला लागलं. आता सगळं एकदम जाई: पाल, मेढी, बाकडी, कढया, आजी. आजी पुढे ड्रायव्हरजवळ बसायला तयार नसे. ती मागे, गुंडाळीला पाठ टेकून. सामानाकडे कोण बघणार, हा तिचा प्रश्न. रात्री टेम्पो थांबला की ती हाताने गुंडाळी दाबून पाहायची. दव पडलं का, हे तिला स्पर्शाने समजत असे.

यात्रेत आपल्याहून मोठे तंबू कसे येतात हे बघायला मिळे, आणि तो आमच्यासाठी यात्रेतला पहिला खेळ होता. देशावरचे तमाशाचे फड घाट उतरून येत. उतरताना घाटातल्या शिंग्रोबाला नाणं वाहिल्याशिवाय पुढे निघायचं नाही, ही ड्रायव्हर मंडळींची रीत. त्यांच्या ट्रकवर तंबूचा इतका मोठा ढीग असे की कलावंत, वादक, गडी सगळे त्याच्यावरच बसलेले. खाली पेट्या, वर तंबू, त्यावर माणसं, आणि माणसांच्या मांडीवर ढोलक्या. टुरिंग टॉकीजवाले आणखी हुशार. त्यांचं यंत्र ट्रकमध्येच बसवलेलं असे. ट्रक मागे उभा करायचा, पुढे तंबू ठोकायचा, आणि ट्रकातूनच झोत पडद्यावर. यंत्र उतरवणं-चढवणं नाही. अण्णा तो ट्रक बघत उभे राहत. आपल्यालाही चुलीची एक पेटी अशी कायमची करता येईल, असं त्यांना वाटायचं, पण ते काही झालं नाही.

परतीचा प्रवास कुणी फारसा सांगत नाही. तो अवघड असे. पंधरा दिवसांत पालाला तेलाचा धूर, धूळ आणि शेजारच्या रांगेतल्या बोंबलाचा वास लागलेला असायचा. सकाळी दव सुकेपर्यंत थांबलं तर टेम्पोवाला ओरडे, नाही थांबलं तर ओलं पाल. आत्या एकदा टेम्पोवाल्याला म्हणाली, ‘दादा, तुमचा एक तास जाईल, आमचं एक वर्ष जाईल.’ तो थांबला. घरी आलो की पुन्हा खळ्यावर ऊन, मग राखेचं पाणी, तरी वास फाल्गुनापर्यंत टिके. आमच्यातली नाशिकची बहीण म्हणते, सुकटीचा वास आला की तिला पाल आठवतं. मला मात्र उलटं होतं.

आजी गेली आणि चार वर्षांनी वाटणी झाली. भांडी, जमीन, आंब्याची झाडं यांचं पटकन ठरलं. पालावर मात्र कुणी बोलेना. ते कापायचं म्हटलं तर शिवणीवरून कापायचं की मधून, आणि कुणी कापायचं. माळ्यावर ते पाच-सहा वर्षं तसंच पडून राहिलं, आणि या काळात हॉटेलही बंद झालं, कारण पाल नेण्यासाठी जितकी माणसं लागत तितकी घरात उरली नव्हती. शेवटी आत्यानेच ते कापलं, शिवणीवरून, चार भागांत. कनाती तिने स्वतःकडे ठेवल्या. त्याला कुणी हरकत घेतली नाही.

आता यात्रेत प्लास्टिकचे रंगीत कागद आणि लोखंडी घडीच्या चौकटी असतात. एका पिकअपमध्ये तीन दुकानं जातात, ते सोयीचंच आहे. पण गेल्या वर्षी आमच्या पुतण्याने शाळेच्या निसर्ग शिबिराचा मोठा तंबू जीपच्या टपावर न्यायचा म्हणून आम्हाला विचारलं, कसा बांधायचा. कुणी गाठ सांगितली, कुणी तोल सांगितला. मग एकाला सुचलं की आत्याला फोन करावा. आत्या आता पंच्याऐंशीच्या पुढची. तिने आधी विचारलं, कोरडा आहे का? मग क्रम सांगितला, अडखळली नाही: ‘तळाला मोठी गुंडाळी. तिच्यावर कनाती. कडेला मेढी. खुंट्या आणि मेखसू सगळ्यात शेवटी चढवा, वरच्या वर, हाताला येतील असे. उतरल्यावर पहिला हात त्यांनाच लागतो. अंधारात खुंट्या सापडल्या नाहीत, तर सगळं सामान जवळ असून रात्र उघड्यावर काढाल. आणि दोर किती आहेत ते मोजून निघा, परत येताना तितकेच मोजा.’ पुतण्याने ते लिहून घेतलं आणि खुंट्यांची पिशवी जीपच्या टपावर न ठेवता आत आपल्या पायाशी ठेवली. आत्याला हे कळल्यावर ती म्हणाली, त्याला सांगा, ते आमच्यापेक्षा बरं केलंस.