उचल न घेता

संगणकावरच्या साहसी खेळात शिरलेला माणूस आधी दारं बघतो. वाड्याचं दार, देवळाचं दार, विहिरीत उतरणाऱ्या पायऱ्या, जिथून आत जाता येईल असं वाटतं तिथे तो जाऊन टिचकी मारतो. बंदुकीच्या खेळात दार नुसतं रंगवून ठेवलं तरी कुणी जाब विचारत नाही. आमच्या खेळात चालायचं, माणसांशी बोलायचं, वस्तू गोळा करायच्या आणि कोडी सोडवायची असतात. तिथे काढलेलं प्रत्येक दार म्हणजे दिलेला शब्द. त्यातून खेळ एकदम न देता भागाभागांनी द्यायचा ठरवला, की हा शब्द वर्षानुवर्षं अंगावर राहतो.

मी दिंद्रुडात राहून असा एक खेळ काढते. चित्रं सगळी माझी, कागदावर टाक-शाईने काढलेली. कोड लिहितो माझा चुलत भाऊ, तो पुण्यात असतो. गोष्ट दोघांची, फोनवर भांडून ठरवलेली. धरणात गेलेल्या एका गावाची ती गोष्ट आहे. आमच्या माजलगाव तालुक्यात धरण हे काही लांबचं प्रकरण नव्हे. सिंदफणेचं पाणी उन्हाळ्यात मागे सरलं की जुने बांध उघडे पडतात आणि म्हातारी माणसं काठावर उभी राहून हात करून करून जुन्या खुणा सांगतात. खेळातलं गाव काल्पनिक आहे, पण पाणी तसंच उतरतं. पाण्याखाली माणसं अजून राहताहेत आणि यंदाचा पाऊस लांबला एवढंच त्यांना वाटतंय. बारा वर्षांच्या एका पोरीला ती दिसतात.

भाग कुठे तोडायचा हे या पाण्यानेच ठरवून दिलं. पहिल्या भागात पाण्याबाहेर फक्त देवळाचं शिखर, वाड्याची माडी आणि चिंचेचा शेंडा. दुसऱ्या भागात पाणी पुरुषभर खाली जातं, गल्लीतली छपरं दिसतात. तिसऱ्यात उंबरठे. जे पाण्याखाली आहे ते मला आज काढावं लागत नाही, हा यातला सरळ फायदा. पण शिखर एकदा काढलं की गाभारा त्याच्या खालीच यायला हवा, आणि माडी दाखवली की जिना कुठून चढतो ते ठरून जातं. म्हणून पहिली रेघ मारायच्या आधी अख्ख्या गावाचा नकाशा करून भिंतीवर लावला. कुणाचं घर कुठे, उतार कुठल्या बाजूला, पाणी कुठून आधी हटेल, सगळं त्यात आलं. या नकाशातलं तीन चतुर्थांश कुणी अजून बघितलेलं नाही. तरी आमचं खरं भांडवल तेच आहे.

पैशाचं मात्र नकाशाने सुटत नाही.

भागांचा खेळ विकायची रुळलेली रीत अशी की पहिला भाग हातात देताना पुढच्या सगळ्या भागांचे पैसे एकदम घ्यायचे. आमच्या गल्लीत एक मुकादम काका राहतात. मी संगणकावर नेमकं काय करते हे त्यांना एकदा समजावून सांगत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "म्हंजी उचल घेतलीस का न्हाई?" बीड जिल्ह्यात याचा अर्थ कुणाला फोड करून सांगावा लागत नाही. हंगामाआधी टोळी मुकादमाकडून उचल घेते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्राकडे नाहीतर कर्नाटकात ऊस तोडायला जातात आणि घेतलेले पैसे तोडून फेडतात. हंगामात फिटले नाहीत तर बाकी पुढच्या साली अंगावर येते. पुढच्या भागांचे आधी घेतलेले पैसे ही तशीच उचल. आमच्या पाठीमागे कुणी तगादेवाला उभा नसतो, हा फरक मोठा आहे आणि मी तो विसरत नाही. पण पैसे खर्च झालेले आणि काम पुढे पडलेलं, हे तसंच.

हे नुसतं भय नाही, घडलेलं आहे. अमेरिकेतल्या टेलटेल या कंपनीने भागांच्या खेळाचा धंदा नीट बसवला. तिचा 'द वॉकिंग डेड' २०१२ साली पाच भागांत आला. या भागात घेतलेला निर्णय पुढच्या भागात भोगायचा, ही गोष्ट त्या खेळाने लोकांच्या अंगवळणी पाडली. सप्टेंबर २०१८ मध्ये कंपनीने बहुतेक सगळी माणसं एकाएकी घरी पाठवली. त्याच मालिकेच्या शेवटच्या पर्वातले चारपैकी दोन भाग तेव्हा अजून पुरे व्हायचे होते आणि लोकांनी अख्ख्या पर्वाचे पैसे भरून ठेवले होते. मूळ चित्रकथेच्या लेखकाची स्कायबाउंड कंपनी मध्ये पडली म्हणून मार्च २०१९ मध्ये ते पर्व संपलं. सगळ्यांच्या नशिबी असं कुणी येत नाही. टेलटेलनेच आधी जेफ स्मिथच्या 'बोन' या हाताने काढलेल्या अद्भुत चित्रकथेवर खेळ सुरू केला होता. तो दोन भागांवर थांबला तो थांबलाच.

पैसा भरपूर असला म्हणजे हे टळतं, असंही नाही. डबल फाइनच्या 'ब्रोकन एज'ला २०१२ मध्ये लोकवर्गणीतून तेहतीस लाख डॉलरच्या वर मिळाले. कल्पना त्याहून मोठी निघाली. शेवटी खेळाचे दोन तुकडे केले, पहिला जानेवारी २०१४ मध्ये विकायला काढला आणि त्या विक्रीच्या आधारावर दुसरा एप्रिल २०१५ मध्ये आणला. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने 'राजी' २०२० मध्ये एकच सलग खेळ म्हणून दिला. चित्रांना तोड नाही, पण मला त्याचा शेवट अर्ध्यात उठल्यासारखा वाटला. तिथे पुढचा भाग येणार असं म्हणून ठेवलं असतं तर तोच शेवट मी आनंदाने सोसला असता.

आम्ही ठरवलं की जेवढं काढून झालंय तेवढंच विकायचं. स्टीम या इंटरनेटवरच्या दुकानात खेळ मांडायला शंभर डॉलर भरावे लागतात, ते हजार डॉलरची विक्री झाली की परत मिळतात. वर प्रत्येक विक्रीतले तीस टक्के दुकानाचे. दुकानाचा आणखी एक नियम छोट्या भागाला जड जातो. घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर गिऱ्हाइकाला पैसे परत मागता येतात. आमचा पहिला भाग दीड तासात संपतो. म्हणजे कुणीही तो पुरा खेळून, शेवट बघून, पैसे परत घेऊन जाऊ शकतो. दोन तास भरावेत म्हणून उगाच चालायला लावणारे खेळ मी बघितलेत. ते मला पटत नाही. ज्याला परत घ्यायचेत त्याने घ्यावेत. बहुतेक लोक घेत नाहीत.

दीड तासात संपतो तो कुठे संपतो, यावर आम्ही सगळ्यांत जास्त भांडलो. भावाला उत्कंठेचा शेवट हवा होता, पोरगी पाण्यात पडली आणि पडदा. मी 'चांदोबा'वर वाढलेली आहे. मराठीत तो १९५२ पासून निघत होता आणि आमच्या घरी त्याचे जुने अंक दोऱ्याने शिवून ठेवलेले होते. त्यात दोन तऱ्हेच्या गोष्टी असायच्या. एक क्रमशः चालणारी, चित्रा यांच्या चित्रांची, राक्षस आणि मांत्रिकांची. ऐन मोक्यावर ती तुटायची आणि शिवणीत पुढचा अंक नसला की जीव टांगणीला. दुसरी विक्रम-वेताळाची, शंकर यांच्या चित्रांची. तिच्यात गोष्ट पुरी व्हायची, प्रश्न विचारला जायचा, उत्तर मिळायचं आणि तरी वेताळ उडून झाडावर जायचाच. मधला अंक हरवला तरी काही बिघडत नसे. ज्या माणसाला पुढचा भाग कधी देता येईल हे सांगता येत नाही त्याने वेताळाची रीत धरावी, असं माझं मत आहे. 'हाफ-लाइफ २'चा दुसरा भाग २००७ मध्ये ऐन मोक्यावर तुटला. तिसरा आलाच नाही, आणि लोक अजून त्या मोक्यावर उभे आहेत.

थांबा कुठे घ्यावा हे आणखी एका ठिकाणी बघायला मिळतं, भागवत सप्ताहात. भागवताचे बारा स्कंध, ३३५ अध्याय, दिवस सात. कृष्णजन्म दहाव्या स्कंधाच्या तिसऱ्या अध्यायात आहे, त्याआधी नऊ स्कंधांचे २०१ अध्याय. नुसता भागाकार केला तर जन्म पाचव्या दिवशी सकाळी येतो. पण कथेकरी बुवा बहुधा चौथ्या दिवशीच, मांडव भरलेला असताना, पाळणा हलवतात. त्यासाठी आधीचे राजवंश भराभर उरकतात आणि कुणाची तक्रार नसते. त्या एकाच संध्याकाळी आलेल्या माणसालासुद्धा पुरा प्रसंग मिळतो, पेढा मिळतो, तो समाधानाने घरी जातो. भाग सारख्या मापाचे असावेत हा हट्ट मी तिथे सोडला. आमचा दुसरा भाग पहिल्याच्या निम्म्याहून थोडा मोठा आहे, आणि त्यात एक लग्न लागतं.

आता हाताविषयी. दोन भागांमध्ये वर्ष-दीड वर्ष जातं आणि तेवढ्यात हात बदलतो. रेघ सुधारते, आणि घोळ तिथेच होतो. पहिल्या भागातली पोरगी आणि तिसऱ्यातली पोरगी बहिणी-बहिणी दिसायला लागतात. सुधारलेल्या हाताने जुना भाग परत काढत बसलं तर नवा कधीच निघणार नाही. पुण्याच्या केळकर संग्रहालयात पैठणी चित्रकथीचे जुने कागद आहेत. चेहरा एका बाजूने, डोळा मोठा, बाह्यरेषा जाड, रंग सपाट. एक पान दाखवत गोष्ट सांगायची, मग पुढचं पान धरायचं. ती रेघ ठरवून साधी ठेवलेली आहे असं मला वाटतं. दर पानावर भीम भीमच दिसला पाहिजे, त्या दिवशी हात कसा का चालेना. मी तिच्याकडून जाड बाह्यरेषा घेतली. नाजूक रेघेत जो थरथराट लगेच दिसतो तो जाड रेघेत मुरून जातो.

पोरीचा पोशाखही असाच हिशेबाने ठरला. पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी. एक चित्र दोन चौकटी धरून ठेवलं तरी बारा चित्रं लागतात. तिची चालण्याची दोन पावलं आठ चित्रांत बसवली. उजवीकडे चालतानाची काढली की डावीकडची आरशासारखी उलटवून घेता येतात, पण त्यासाठी अंगावर एकाच बाजूला काही असता कामा नये. डाव्या खांद्यावर झोळी दिली तर वळल्याबरोबर ती उजव्या खांद्यावर जाते. म्हणून तिच्या डोक्यावरून गोणपाटाची खोळ घातली, पावसात शेतात घालतात तशी. खोळ दोन्ही बाजूंनी सारखी. तिच्यात वेणी झाकते, त्यामुळे दर पावलाला हलणारी वेणी काढावी लागत नाही. हातही बरेचसे आत जातात. आणि भर उन्हाळ्यात कोरड्या गाळातून खोळ घालून हिंडणारी पोरगी बघून पाण्याखालच्या माणसांना ती आपल्यातली वाटते, हे गोष्टीत आपोआप आलं. लोक मला त्या खोळीचा अर्थ विचारतात. वेणी टाळायची होती, असं मी सांगत नाही.

बाकी कामाची कटकट कुणाच्याही कामात असते तशीच. एप्रिल-मेमध्ये टाकाच्या टोकाशीच शाई वाळते, पावसाळ्यात कागद फुगतो, वीज गेली की स्कॅनर बंद. मी कागद ६०० डीपीआयला स्कॅन करते, रंग 'क्रिता'मध्ये भरते, तिथून चित्रं 'गोडो' या खेळ बांधायच्या सॉफ्टवेअरमध्ये जातात. दोन्ही फुकट मिळतात, म्हणून तर हे खेड्यात बसून जमतं.

एक गोष्ट मात्र फक्त भागांच्या खेळात येते. ती म्हणजे जुन्या भागाची नोंद घेऊन नव्या भागात येणारा माणूस. पहिल्या भागात त्याने कुणाला खोटं सांगितलं, काय उचललं, हे सगळं त्या नोंदीत असतं. पाच निर्णय आणि प्रत्येकाला दोन वाटा म्हटलं तरी ३२ तऱ्हेची माणसं दुसऱ्या भागाच्या दारात उभी. सगळ्यांना वेगळी चित्रं देणं शक्य नाही, म्हणून परिणाम बोलण्यात दाखवायचे. वाक्य बदलायला दुपार लागते, चित्र बदलायला पंधरवडा. अपवाद एकच केला, चिंचेचा. नावेसाठी ती तोडायची की नाही हे खेळणारा ठरवतो, आणि तोडली तर ती पुढे कुठेही दिसता कामा नये. झाड वेगळ्या थरावर काढलं होतं, थर लपवला की झाड गेलं. सावली मात्र खालच्या गाळाच्या चित्रात होती. तेव्हापासून सावल्या वेगळ्या कागदावर काढते.

तिसऱ्या भागाची तारीख आम्ही सांगितलेली नाही आणि सांगणार नाही. 'केंटकी रूट झीरो' हा तिघांनी केलेला खेळ जानेवारी २०१३ मध्ये सुरू झाला आणि त्याचा पाचवा अंक जानेवारी २०२० मध्ये आला. मधल्या काळात त्यांनी छोटे फुकट तुकडे दिले. एक नाटक, एक टेलिफोन, असे, मुख्य गोष्टीला धक्का न लावणारे. मला ती रीत फार आवडली. आपणही पाण्याखालचा आठवडी बाजार तसा द्यावा असं मनात आहे. एकच लांबलचक चित्र, आडवं सरकत जाणारं, आणि त्यात हिंडून मिरच्यांचा भाव विचारायचा, बस. भावाला ते नको आहे.

"ताई, फुकट दिलं म्हनून बग कमी येत न्हाईत. ते मलाच काढावं लागतेत."

त्याचं खरं आहे. पण अर्धा बाजार काढून झालाय, आणि बांगडीवाली फार चांगली जमलीय.