पान उजेडात धरून

टोमॅटोच्या पानावर पांढरट रेघ दिसली की फोन येतो, "सर, नागअळी पडलीय. काय मारू?" निदान आणि औषध एकाच श्वासात. त्यात शेतकऱ्याचा दोष नाही. उशीर झाला तर नुकसान त्याचंच होणार असतं. पण पानाच्या पोटात शिरून खाणारे किडे एकापेक्षा जास्त आहेत आणि व्हॉट्सॲपच्या फोटोत ते सगळे सारखेच दिसतात. म्हणून माझं उत्तर ठरलेलं: पान पाठवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, पाणी सुटून सडतं. वर्तमानपत्रात गुंडाळा आणि अळीसकट पाठवा.

पान आलं की आधी ते खिडकीकडे धरायचं, भिंग नंतर. वरचा आणि खालचा पापुद्रा तसाच ठेवून मधला हिरवा गर खाल्लेला असतो, त्यामुळे उजेड आरपार येतो आणि अळीने कुठून सुरुवात केली, कुठे वळली, कुठे थांबली हे सगळं उघडं पडतं. लिरिओमायझा नावाच्या माशीची अळी, म्हणजे आपल्याकडची जुनी नागअळी, शेवटपर्यंत नागमोडी बोगदाच काढते. वाढेल तसा तो थोडा रुंदावतो, पण रेघ ती रेघच. तिची विष्ठा बोगद्याच्या दोन्ही कडांना आळीपाळीने, रांगोळीच्या ठिपक्यांसारखी पडलेली असते. टुटा ॲबसोल्यूटा ही पतंगाची अळी. तीही बारीक रेघेनेच सुरुवात करते, पण लवकरच त्या रेघेचा पसरट, वेडावाकडा डाग होतो आणि काळी विष्ठा त्यात एकीकडे साचते.

मग सुईच्या टोकाने पापुद्रा उचलायचा. माशीच्या अळीला पाय नसतात, धड डोकंही नसतं. तोंडाच्या जागी काळे आकडे तेवढे दिसतात. टुटाला मात्र नीट डोकं असतं, पुढे तीन जोड्या पाय आणि मागे मांसल पोटपाय. डाग रिकामा निघाला तरी पान फेकायचं नाही. टुटाची अळी एका डागातून बाहेर पडून दुसरीकडे शिरते, म्हणून शेजारची पानं, शेंडा आणि फळाचं देठ बघायचं. देठाजवळ टाचणीएवढं भोक असेल तर संशय बळावतो. घाटेअळीचं भोक चांगलं मोठं असतं, शिवाय ती बऱ्याचदा अर्धी बाहेर राहून खाते.

खरी पंचाईत इथून पुढे. बटाट्यावरची पाकोळी हीसुद्धा पतंगाचीच जात, तीही पानं पोखरते आणि टोमॅटोही तिला वर्ज्य नाही. ती इटलीहून आलेल्या बियाण्याच्या बटाट्यांबरोबर 1906 च्या सुमारास मुंबई इलाख्यात उतरली. खेड-मंचर पट्ट्यात बटाटा आणि टोमॅटो एकाच शिवारात असतात, तेव्हा नमुना कोणाचा हे पिकावरून ठरवता येत नाही. इथे अळीची मान बघायची. टुटाच्या डोक्यामागच्या खंडावर मागच्या कडेला एक अरुंद काळी पट्टी असते. पाकोळीच्या अळीत त्या खंडावरची अख्खी ढालच गडद असते. सात-आठ मिलिमीटरच्या अळीवर ही पट्टी शोधायला उजेड तिरका हवा, आणि अळी शांत हवी. ती दोन मिनिटं फ्रीजमध्ये ठेवली की शांत होते.

पतंग हाती आला तर काम सोपं होईल असं लोकांना वाटतं. होतं उलटंच. कामगंध सापळ्याच्या चिकट पत्र्यावर अडकलेल्या पतंगाचे खवले निघून जातात आणि उरतो तो करडा, पाच-सात मिलिमीटरचा जीव, ज्याच्यासारखे दिसणारे इतर पुष्कळ. शिवाय सापळ्यात भलतेच पतंगही येतात. त्यामुळे पोट वेगळं करून दहा टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये गरम करायचं, मऊ झालं की बारीक ब्रशने खवले झाडायचे आणि जननांगं सोडवायची. टुटाच्या नरात बोटासारखे लांबट, टोकाला केसाळ अवयव दिसले की मग मी नाव लिहितो.

या कीटकाला पहिलं नाव देणारे एडवर्ड मेरिक मात्र असं काही करत नसत. इंग्लंडमधल्या मार्लबरोच्या शाळेतले हे मास्तर हातातल्या भिंगावर आणि पंखांच्या शिरांवर हजारो जाती वर्णून गेले, भारतातल्याही. जननांगं उकलण्यावर त्यांचा विश्वासच नव्हता. त्यांच्या नजरेबद्दल मला आदर आहे, हट्टाबद्दल नाही. 1917 मध्ये पेरूतल्या नमुन्यावरून त्यांनी टुटाला फ्थोरिमिया या प्रजातीत घातलं. पुढच्या संशोधकांनी तिला चार प्रजातींत फिरवलं आणि 2021 मध्ये पुन्हा फ्थोरिमियातच आणून ठेवलं, म्हणजे नेमकी बटाट्याच्या पाकोळीच्या घरात! मास्तरांना हे कळलं असतं तर ते मिश्कील हसले असते.

दक्षिण अमेरिकेतून ही कीड 2006 मध्ये स्पेनला पोचली आणि 2014 च्या ऑक्टोबरात आपल्या महाराष्ट्रातल्या टोमॅटोवर सापडली. एक मादी अडीचशेच्या वर अंडी घालू शकते, आणि उबदार हवेत अंड्यापासून पतंगापर्यंतचा प्रवास साधारण साडेतीन आठवड्यांत होतो. त्यामुळे नाव चुकलं तर त्याची किंमत फवारणीच्या खर्चातही मोजावी लागते. माशीच्या अळीवर जगणारे परजीवी कीटक रानात आधीपासून असतात. सरसकट फवारणीने ते आधी मरतात, आणि पापुद्र्याखाली सुरक्षित बसलेली अळी तशीच राहते. माशी असेल तर मी बहुतेक वेळा "थांबा, खालची पानं तोडून टाका" एवढंच सांगतो. टुटा असेल तर पोखरलेली पानं-फळं गोळा करून पुरायला सांगतो, बांधावर फेकायला नाही.

आणि मग माझा प्रश्न असतो: दादा, रोपं कुठून आणली? अंडं जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटरचं, पिवळसर. पानाखाली चिकटून रोपवाटिकेतून थेट शेतात येतं. परत आलेल्या क्रेटमधून कोष येतात. नारायणगावच्या बाजारात क्रेट किती हात फिरतात ते बघितलंय मी. म्हणून हल्ली शेतातल्या पानांआधी रोपांचे ट्रे मागवतो, आणि शक्य असेल तर लावणीच्या आधीच.