चोच, पाय आणि डोळ्यावरची रेघ

पावसाळा तोंडावर आला की माझ्या फोनवर पिल्लांचे फोटो यायला लागतात. पुठ्ठ्याच्या खोक्यात दाटीवाटीनं बसलेली बदकाची पिल्लं, वर ब्रूडरचा पिवळा बल्ब, आणि खाली एकच ओळ : 'डॉक्टर, जात कोणती?' त्या बल्बच्या उजेडात खाकी पिल्लूही सोनेरी दिसतं आणि पिवळं नारिंगी. म्हणून माझं पहिलं उत्तर ठरलेलं असतं. पिल्लू सकाळच्या उजेडात सावलीला आणा आणि पुन्हा फोटो काढा. एक चेहऱ्याचा बाजूनं, एक पाठीचा वरून, एक पायांचा जवळून आणि एक पिल्लू मोकळं उभं असताना. सोबत अंडी उबवायला कधी ठेवली आणि पिल्लं कधी निघाली, त्या तारखाही कळवा.

एवढी उठाठेव कशासाठी, असं काहींना वाटतं. पिल्लू वाढेल तसं कळेलच की! कळतं, पण तोवर खाद्याचा खर्च होऊन गेलेला असतो. खाकी कॅम्पबेल हे अंड्यांचं बदक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरमध्ये अॅडेल कॅम्पबेल या बाईंनी ते तयार केलं. चांगल्या व्यवस्थापनात ते वर्षाला 300च्या आसपास अंडी देतं. पेकिन हे मांसाचं बदक. मूळ चीनचं, 1873 साली अमेरिकेत गेलं आणि तिथून जगभर पसरलं. नीट खाऊ घातलं तर सहा-सात आठवड्यांत ते अडीच किलोच्या घरात जातं. अंड्यांसाठी बदकं पाळायची ठरवून कुणी भलतीच पिल्लं घरी आणली, तर ती अंड्यावर येण्याच्या वयाची होईपर्यंत, म्हणजे पाचेक महिने, काहीच लक्षात येत नाही. नुकसान होतं ते इथं.

अडचणीचं मूळ मात्र विक्रेत्यात नाही, बदकात आहे. जगात पाळल्या जाणाऱ्या बदकांच्या जवळजवळ सगळ्या जाती एकाच रानबदकापासून, मॅलार्डपासून आल्या आहेत. पेकिन, खाकी कॅम्पबेल, रनर, रुआँ, आपली गावठी बदकं, सगळी त्याच घराण्यातली. माणसानं शेकडो वर्षं निवड करून रंग, आकार आणि अंड्यांची संख्या बदलली. मोठ्या बदकांत हे फरक ठळक दिसतात, पण एका दिवसाच्या पिल्लात त्यातले निम्मेअधिक लवेखाली झाकलेले असतात. त्यामुळे पिल्लू बघून 'हे अमुकच' असं छातीठोकपणे सांगणं क्वचितच जमतं. 'हे अमुक नाही' हे मात्र पुष्कळदा खात्रीनं सांगता येतं. माझी सगळी पद्धत या वजाबाकीवर चालते.

वजाबाकीत पहिला नंबर मस्कोव्हीचा, कारण ते मॅलार्डच्या घराण्यातलं नाहीच. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं हे वेगळं बदक. बंगाली लोक त्याला चिना हाँस म्हणतात. मोठा नर तोंडावरच्या लाल गाठींमुळे कुणालाही ओळखू येतो. पिल्लाच्या तोंडावर गाठी नसतात, तेव्हा पाय बघायचे. मस्कोव्हीच्या पिल्लाची नखं लांब, अणकुचीदार आणि वाकडी असतात. हातात धरलं की ती तळव्याला टोचतात. हे पिल्लू खोक्याच्या भिंतीवर चढायला बघतं, कारण रानातली मस्कोव्ही झाडावर बसते आणि झाडाच्या ढोलीत अंडी घालते. शेपटीही बाकीच्यांपेक्षा लांब असते. सगळ्यांत भरवशाची खूण मात्र कॅलेंडरवर असते. मॅलार्डच्या कुळातली अंडी 28 दिवसांत फुटतात, मस्कोव्हीची 35 दिवसांत. खुडूक कोंबडीखाली दोन्हींची अंडी एकत्र ठेवली, की अठ्ठाविसाव्या दिवशी एक घाणा निघतो आणि मागे राहिलेली अंडी वांझ समजून फेकली जातात. त्यातली काही मस्कोव्हीची, चांगली जिवंत असतात. या दोन कुळांचा संकरही होतो. त्याची पिल्लं झपाट्यानं वाढतात, मांसाला उत्तम ठरतात, पण त्यांना पुढे प्रजा होत नाही. अशा संकरातल्या माद्या अंड्यांसाठी आणि पैदाशीसाठी ठेवणाऱ्यानं पुढच्या पिढीची वाट बघू नये.

मस्कोव्ही बाजूला काढलं की पिवळ्या पिल्लांकडे वळायचं. लोकांच्या मनात पिवळं पिल्लू म्हणजे पेकिन, हे पक्कं बसलेलं आहे. प्रत्यक्षात मोठेपणी पांढरी होणारी बहुतेक सगळी बदकं लहानपणी पिवळीच असतात. पेकिन, एल्सबरी, पांढरं रनर, पांढरं कॅम्पबेल, या सगळ्यांची लव पिवळी. त्यात पेकिनचं पिल्लू अंगानं भरलेलं, छाती रुंद, चोच आणि पाय नारिंगी. पांढऱ्या रनरचं पिल्लू अंगानं सडपातळ, मान लांब, आणि पहिल्या दिवसापासूनच छाती वर काढून ताठ उभं राहणारं. ही उभं राहण्याची ढब रनरच्या रक्तातच आहे आणि ती लवेखाली लपत नाही. नावात 'इंडियन' असलं तरी रनरचं मूळ इंडोनेशियाच्या बेटांवरचं. भातखाचरांतून मैलोगणिक चालवत नेली जाणारी ही बदकं, त्यामुळे त्यांचे पाय चालण्यासाठी घडलेले.

पिवळेपणात आणखी एक मेख आहे. बदकांतला हा पांढरा रंग अप्रभावी असतो. म्हणजे पिल्लू पिवळं निघायचं तर पांढरेपणाचं जनुक आई आणि बाप दोघांकडूनही यावं लागतं. पेकिनचा नर गावठी मादीला लावला, तर पहिल्या पिढीत एकही पिल्लू पिवळं निघत नाही. गडद रंगाची, बहुधा गळ्याखाली पिवळा डाग असलेली पिल्लं निघतात. पण हीच पिल्लं मोठी होऊन आपसांत लागली की दुसऱ्या पिढीत साधारण चारातलं एक पिल्लू पुन्हा पिवळं निघतं. ते दिसायला थेट पेकिन, पण निम्मं रक्त गावठी. चोच नारिंगी, पाय नारिंगी, सगळं यथास्थित. नुसतं बघून हे ओळखणं कुणालाही शक्य नाही. पिवळ्या पिल्लाबद्दल खात्रीनं सांगता येतं ते इतकंच, की ते खाकी कॅम्पबेल होणार नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाची खूण, डोळ्यावरची रेघ. पिल्लू डाव्या हाताच्या तळव्यावर घ्या, उजव्या हाताच्या बोटानं त्याची हनुवटी हलकीच उचला आणि चेहरा उजेडाकडे वळवा. मॅलार्डच्या रानटी रंगाच्या पिल्लाचा चेहरा पिवळा असतो. चोचीच्या मुळापासून एक काळपट रेघ निघते, डोळ्यातून आरपार जाते आणि मानेकडे विरते. डोक्याचा माथा गडद. पिल्लू वरून बघा. काळसर तपकिरी पाठीवर पंखांच्या मागे दोन आणि शेपटीच्या दोन्ही अंगांना दोन, असे चार पिवळे ठिपके दिसतील. रुआँच्या पिल्लाचा नमुना हाच, आणि आपल्याकडच्या कित्येक गावठी पिल्लांचाही हाच.

खाकी कॅम्पबेलच्या पिल्लाला ही रेघ नसते. त्याची लव मातकट तपकिरी, चेहराही त्याच रंगाचा, चोच गडद. ठिपके नसतात, असलेच तर अगदी पुसट. यामागे दोन जनुकं आहेत. एक रानटी नमुना पुसून टाकतं, दुसरं काळ्या रंगाला उतरवून तपकिरी करतं. शुद्ध खाकीत दोन्ही असतात. म्हणून खाकी म्हणून विकायला आलेल्या पिल्लाच्या डोळ्यावर ठळक रेघ दिसली, तर ते पिल्लू शुद्ध खाकी कॅम्पबेल नाही, एवढं निःशंक सांगता येतं.

कर्जत तालुक्यात भाताच्या खाचरांलगत बदकं पाळणाऱ्या एका तरुणाकडे हा हिशेब डोळ्यांसमोर बघायला मिळाला. त्याच्याकडे खाकीचा एक नर आणि गावठी माद्या होत्या. पिल्लं कोंबडीखाली घरीच काढलेली.

"डॉक्टर, अर्धी काळी निघाली, अर्धी खाकी. दोन जातींची अंडी मिसळली का हो?"

त्याची आई पडवीत तांदूळ निवडत होती. तिथूनच म्हणाली, "रंग दोन असले तरी काजळ मात्र सगळ्यांनी घातलंय."

माउलीनं नेमकं तेच पाहिलं होतं. खाकीचा तपकिरी रंग लिंगाशी जोडलेला असतो. खाकी नर आणि गडद रंगाची गावठी मादी यांच्या संकरात मुलींना तो रंग बापाकडून थेट मिळतो आणि त्या फिकट निघतात. मुलगे गडद राहतात. म्हणजे एकाच घाण्यातली ती दोन रंगांची पिल्लं दोन जातींची नव्हती. फिकट तेवढ्या माद्या होत्या आणि गडद तेवढे नर. रेघ पुसणारं जनुक मात्र अप्रभावी. ते एकट्या बापाकडून येऊन भागत नाही, आईकडूनही यावं लागतं. गावठी आईकडे ते नव्हतं, म्हणून काजळ सगळ्यांच्या डोळ्यांत. त्या तरुणाला यात फायदाच झाला. नर-मादी पहिल्याच दिवशी कळले, नाहीतर त्यासाठी पिल्लाचं गुदद्वार उघडून बघावं लागतं आणि ते सरावाच्या माणसाचं काम आहे. आठवडी बाजारात मात्र हीच फिकट पिल्लं 'ओरिजिनल खाकी' म्हणून खपतात. ती वाईट नसतात, काटक असतात. पण त्यांच्याकडून शुद्ध खाकीइतक्या अंड्यांची अपेक्षा करू नये आणि तेवढी किंमतही मोजू नये.

काळ्या आणि राखी पिल्लांबद्दल थोडक्यात. अंग, चोच, पाय सगळंच काळं असलेलं पिल्लू दिसलं की लोक परदेशी पुस्तक बघून त्याला कायुगा ठरवून मोकळे होतात. ती अमेरिकेतली न्यू यॉर्ककडची जात. काळेपणाचं जनुक मात्र सरमिसळ कळपांतही भरपूर असतं, त्यामुळे आपल्या गावातलं काळं पिल्लू बहुतेक वेळा गावठीच असतं. राखी-निळा रंग तर जात म्हणून टिकवताच येत नाही. दोन निळ्या बदकांची पिल्लं निम्मी निळी, पाव काळी आणि पाव फिकट पांढुरकी निघतात. तुरेवाल्या पिल्लाचा तुरा जन्मतःच दिसतो, पण त्या जनुकाच्या दोन प्रती एकत्र आल्या तर पिल्लू अंड्यातच मरतं. तुरा पाहून हौसेनं नर-मादी दोन्ही तुरेवाले ठेवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

वजाबाकी करूनही उत्तर हाती लागलं नाही, तर थांबायचं. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास शेपटीवर, खांद्यावर आणि कुशीत पिसं फुटू लागतात, पंखांची मोठी पिसं सगळ्यांत शेवटी येतात. सात-आठ आठवड्यांत पहिला पिसारा पुरा होतो, मस्कोव्हीला त्याहून जास्त वेळ लागतो. याच सुमारास आवाजही फुटतो. मादी खणखणीत 'क्वॅक क्वॅक' करू लागते, नराचा आवाज बसलेलाच राहतो. मस्कोव्हीत नर फुत्कारतो. मॅलार्डच्या कुळातल्या नराच्या शेपटीवरची वळलेली पिसं तीन-चार महिन्यांनी येतात. या काळात पिल्लांचे पाय वाकलेले दिसले तर तो जातीचा दोष समजू नका. बदकाच्या पिल्लांना कोंबडीच्या पिल्लांपेक्षा नायसिन जास्त लागतं, ते कमी पडलं की पाय वाकतात. बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड तर चुकूनही घालू नका. बुरशीतल्या विषाला बदकं फार लवकर बळी पडतात.

एका गोष्टीचं मला वाईट वाटतं. 'गावठी आहे' म्हटलं की विचारणाऱ्याचा चेहरा उतरतो. आसामचं पाती आणि बिहारचं मैथिली ही अशीच गावोगावची बदकं होती. कुणीतरी त्यांचे कळप मोजले, रंग, वजनं, अंडी लिहून ठेवली आणि आज कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे त्यांची जात म्हणून नोंद आहे. जात ठरते ती पिढ्यान् पिढ्या सारखी प्रजा देण्यानं आणि ते कुणीतरी लिहून ठेवण्यानं. आपल्या तळ्यांवर, भातशेतीत निभावणाऱ्या गावठी बदकांना परदेशी नाव चिकटवण्यापेक्षा त्यांची अंडी मोजून लिहून ठेवली, तर त्याचा उपयोग अधिक होईल.

आणि रेघवालं पिल्लू तळ्याकाठी सापडलं, तर ते उचलून घरी आणू नका. आपल्याकडच्या हळदी-कुंकू बदकाच्या पिल्लाच्या चेहऱ्यावरही तशीच रेघ असते. अडईचं पिल्लू काळसर आणि डोक्याभोवती पांढरट पट्टा असलेलं. दोन्ही रानपक्षी, त्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. आई बहुधा जवळच्या पाणगवतात असते. तुम्ही लांब गेलात की ती पिल्लाजवळ येते.

पाळायला पिल्लं घ्यायची असतील तर शक्यतो नोंदी ठेवणाऱ्या केंद्रातून घ्या. बंगळुरूजवळ हेसरघट्ट्याला केंद्र सरकारचं बदक पैदास केंद्र आहे, भुवनेश्वरला बदकांवर संशोधन करणारं केंद्र आहे. गावातल्या विक्रेत्याकडून घेणार असाल तर खोक्यातली पिल्लं नंतर बघा, आधी दोन गोष्टी विचारा. यांचे आईबाप कुठे आहेत? आणि अंडी उबवायला कधी ठेवली होती? कळप दाखवला, तारीख सांगितली, तर पिल्लं उजेडात नेऊन चोच, पाय आणि डोळ्यावरची रेघ तपासा आणि मग पैसे द्या. या दोन प्रश्नांना उत्तर मिळालं नाही, तर जातीचं नाव कितीही मोठं सांगितलं जावो, गावठी पिल्लाच्या भावाहून एक रुपयाही जास्त देऊ नका.