कोरे राहिलेले पान

आमच्या शाळेच्या वार्षिक हस्तलिखितात शेवटून दुसरे पान संपादक मंडळाच्या परिचयासाठी राखून ठेवण्याचा शिरस्ता होता, आणि तो परिचय मराठी शिकवणाऱ्या शिक्षकानेच लिहावयाचा असल्यामुळे मी शाळेत रुजू झाले त्या वर्षापासून ते काम आपसूक माझ्याकडे आले होते. १९६२-६३ च्या अंकातील ते पान मात्र कोरे आहे. भोवती हिरव्या शाईची वेलबुट्टी आहे, चार कोपऱ्यांत चार कमळे आहेत, पेन्सिलीने आखलेल्या फिक्या ओळीसुद्धा अजून दिसतात. त्या ओळींवर अक्षर मात्र एकही नाही. मजकूर मी दिला नव्हता असे नव्हे. मजकूर वेळेवर तयार होता, पण तो अंकात उतरवून काढण्याचे काम जिच्याकडे होते त्याच मुलीची त्यात स्तुती होती, आणि तिने तो एकदा वाचून, टाक पुसून, दौतीचे बूच लावून मला शांतपणे सांगितले, "बाई, हे माझ्या हातून उतरायचं नाही." दुसऱ्या कोणाचा हात त्या अंकात चालवावा, ही कल्पना उरलेल्या तिघांना मान्य नव्हती. पान तसेच राहिले.

आज त्या कागदाची माझ्यापाशी असलेली घडी उघडून पाहते तेव्हा तिने केले तेच योग्य केले असे मला वाटते. मी लिहिलेली स्तुती खोटी नव्हती, परंतु ती कोणत्याही वर्षाच्या कोणत्याही चार मुलांना लागू पडली असती. कष्टाळू, विनयशील, साहित्याची आवड असलेले, शाळेचे भूषण, अशी ती विशेषणे म्हणजे ज्या अंगावर घालावी त्या अंगाची होणारी समारंभाची शालच होती. त्या चौघांचा परिचय करून देण्याचे ऋण त्यामुळे तसेच उरले, आणि ते मी आता, पानाची मर्यादा नसताना, फेडू पाहत आहे.

ज्यांच्या शाळेत छापील मासिक निघत असे त्यांना हस्तलिखिताची सर्व नड कळणे कठीण. आमचे गाव तालुक्याचे. गावात छापखाना एकच, आणि त्याचा सारा उदीम लग्नपत्रिकांवर आणि तमाशाच्या हँडबिलांवर चाले. म्हणून ड्रॉइंगचे जाड कागद कापून, त्यांवर समास सोडून, ओळी आखून, एकेक पान हाताने लिहावयाचे, चित्रांसाठी जागा सोडावयाची, आणि शेवटी सारी पाने कापडी पाठ लावून बांधून घ्यावयाची. अंकाची प्रत एकच. ती वाचनालयातल्या लांब टेबलावर ठेवली जाई, मुले हात धुऊन यावयाची आणि पाळीने वाचावयाची. ज्याची कविता चौदाव्या पानावर असेल तो आपली पाळी येईपर्यंत आठवडाभर तिष्ठत राही, आणि पाळी आली की चौदावे पान सोडून बाकी सगळी पाने आधी वाची. आनंद लांबवण्याची ही रीत त्यांना कोणी शिकवली होती, कोण जाणे.

त्या वर्षीच्या पहिल्या सभेत मी मुलांना अमळनेरची हकीकत सांगितली होती. साने गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत तेथील प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्यावर होती, आणि त्या छात्रालयातील मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने लिहून एक दैनिक काढीत. दैनिक! वर्षाकाठी एक अंक काढताना मेटाकुटीस येणाऱ्या आमच्या मंडळाला तो शब्द ऐकूनच घाम फुटला. पुढे १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिक सुरू केले, तेव्हा मुले मोठ्या वर्तुळातली झाली. परंतु माझे मन सदैव त्या आधीच्या हाताने लिहिलेल्या कागदापाशी घोटाळते, कारण वाचणारा कोण आहे हे लिहिणाऱ्याला तेथे नावानिशी ठाऊक असते. आमच्या हस्तलिखिताचे सारे सामर्थ्य, जे काय थोडे होते ते, याच एका गोष्टीत होते.

संपादक दहावीतून निवडावयाचे असा नियम होता, कारण अकरावी म्हणजे शालान्त परीक्षेचे वर्ष. त्या वर्षीचा मुख्य संपादक गावाबाहेरच्या वस्तीवरून दीड कोस चालत येणारा शेतकऱ्याचा मुलगा होता. त्याला निवडले तेव्हा काही शिक्षकांना नवल वाटले, कारण तो वर्गात बोलत नसे आणि वक्तृत्वाच्या स्पर्धेतही कधी उभा राहिला नव्हता. मी त्याला निवडले ते एका लहानशा निरीक्षणावरून: वर्गात एखादा मुलगा अडखळत वाचू लागला की बाकीची मुले पुस्तकाबाहेर पाहत, आणि हा मात्र त्या मुलाच्या वेगाने, त्याच्याबरोबर थांबत, ओळीवर बोट ठेवून वाचत राही.

त्याच्या संपादनाची रीत मला त्या पावसाळ्यात उमगली. सातवीतल्या एका मुलाने पावसाळ्यावर निबंध आणून दिला होता. वर्षाऋतूचे आगमन, बळीराजाचा हर्ष, मयूरांचे नर्तन, सारे काही बाजारी निबंधाच्या पुस्तकातून जसेच्या तसे उचललेले. मी असते तर लाल रेघ मारून तो परत केला असता. याने तो तीन वेळा वाचला, आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी, पुस्तकातला मजकूर संपून जागा उरली म्हणून घातलेले एक वाक्य त्याला सापडले: पाऊस लागला की आमची आई पिठाचा डबा उचलून चुलीपाशी नेते. त्याने त्या मुलाला बोलावले आणि बाकीच्या निबंधाविषयी चकार शब्द न काढता विचारले, "मग तुम्ही झोपता कुठे?" त्या प्रश्नाच्या उत्तरादाखल चार दिवसांनी जे दीड पान आले, त्यात घर कोठे कोठे गळते, कोणत्या ठिकाणी तांब्या ठेवतात, कोणत्या ठिकाणी परात, आणि रात्री दोहोंचा आवाज कसा निराळा येतो, एवढेच होते, मयूर एकही नव्हता. ते दीड पान अंकाच्या सुरुवातीला गेले. इतकी वर्षे मुलांच्या वह्या तपासून मला जे साधले नव्हते ते एका पंधरा वर्षांच्या मुलाने एका प्रश्नाने साधले होते, आणि त्या दिवसापासून माझ्या लाल शाईचा खप पुष्कळ कमी झाला.

दुसरा मामलेदार कचेरीतल्या कारकुनाचा मुलगा. त्याच्या घरी दफ्तराचा संस्कार पिढीजात होता. आजोबा अजून मोडीत हिशेब लिहीत, आणि आलेला कागद गहाळ होणे यासारखे दुसरे पातक नाही अशी त्या घराची श्रद्धा होती. त्याने पहिल्याच दिवशी एक लांबट वही शिवून तिच्यावर 'बारनिशी' असे लिहिले. आलेल्या प्रत्येक लेखाला त्यात क्रमांक, तारीख, लेखकाचे नाव, इयत्ता, संपादकाचा अभिप्राय, आणि परत केल्यास घेणाऱ्याची सही. पाचवीतल्या चिमुरड्याची चार ओळींची कविता असो की अकरावीतल्या हुशार मुलाचा दहा पानी लेख असो, रकाने दोघांना सारखेच. आपल्या कागदाला क्रमांक मिळाला आहे, तो कोठेतरी नोंदला गेला आहे, हे पाहून लहान मुलांच्या चेहऱ्यावर जे गांभीर्य येई ते मी विसरू शकत नाही. बाहेरच्या जगात अर्जदाराला हा मान किती दुर्मीळ असतो, हे त्या मुलाने वडिलांच्या कचेरीच्या ओट्यावर बसणाऱ्या माणसांकडे पाहून जाणले असावे.

वेलबुट्टी काढणाऱ्या चित्रकाराविषयी थोडेच सांगते, कारण तो स्वतःही थोडेच बोले. एलिमेंटरीच्या परीक्षेत तो उत्तीर्ण झाला होता, इंटरमीजिएटला बसायचे होते, आणि रंगपेटीतला निळा रंग संपल्यामुळे त्या अंकातले आकाश दुसऱ्या अर्ध्यात करडे झाले आहे. वाचणाऱ्यांनी त्याला पावसाचे आकाश मानले.

आणि चौथी ती, जिच्या अक्षरात तो सारा अंक आहे. पोस्टमास्तरांची मुलगी, वडिलांची बदली रत्नागिरीकडून आमच्या देशावरच्या गावी झाली तेव्हा आजीसह सारे कुटुंब आले. बोरूने अक्षर वळवण्याची विद्या तिला आजोबांकडून मिळाली होती. तिचे अक्षर सुंदर होते एवढे म्हटल्याने काहीच सांगितले जात नाही. त्याचा विशेष असा, की ते स्वतःकडे पाहावयास लावीत नसे. गळक्या घराचा निबंध वाचताना तो त्या सातवीतल्या मुलाच्या आवाजात ऐकू येई, आणि पान उलटल्यावर दुसऱ्याच्या कवितेत दुसरा आवाज लागे, हात तोच असूनही. स्वतःचे असे तिने अंकात काहीही दिले नव्हते. मी एकदा विचारले, तर म्हणाली, "लिहून झाल्यावर वेळ उरला तर बघू."

त्या वर्षी मराठी लेखनावर एक मोठे स्थित्यंतर ओढवले. १९६१ साली स्थापन झालेल्या मराठी साहित्य महामंडळाने सुचवलेले चौदा नियम राज्यशासनाने १९६२ मध्ये मान्य केले, आणि ते आमच्या शाळेपर्यंत पोहोचले तेव्हा अंकाची एक्केचाळीस पाने लिहून झाली होती. नियमांतला सर्वांत जिव्हारी लागणारा भाग अनुच्चारित अनुस्वारांचा होता: जे उच्चारात नाहीत ते यापुढे लिहू नयेत. 'पांच' चे 'पाच' झाले, 'आंत' चे 'आत', 'कांहीं' चे 'काही'. नपुंसकलिंगी 'तें' आणि पुल्लिंगी अनेकवचनी 'ते' यांना विलग ठेवणारे ते एवढेसे टिंब गेले. माणसाचे 'नांव' आणि नदीतली 'नाव' एका वेशात उभी राहिली. मी जुन्या पद्धतीत वाढले होते, तरी आज्ञा ती आज्ञा, या वृत्तीने मी सांगितले की झालेल्या पानांवरची टिंबे ब्लेडने हलकेच खरवडून टाकावीत. मुख्य संपादकाने पहिल्यांदाच मला विरोध केला. "ज्यांनी जे लिहून दिलं, ते त्या दिवशी शुद्धच होतं, बाई," तो म्हणाला. एक्केचाळीस पाने जुनी राहिली, बेचाळिसावे नवे सुरू झाले.

परंतु पोस्टमास्तरांच्या मुलीची अडचण निराळी होती, आणि ती तिने फार संकोचाने सांगितली. नियम म्हणतो अनुच्चारित; पण तिची आजी तर 'तें' म्हणताना स्वर नाकातून काढी, कोकणात पुष्कळ ठिकाणी अजून काढतात, आणि बोलता बोलता तिच्याही तोंडून तसाच निघे. "आम्ही उच्चारतो, बाई. मग ते अनुच्चारित कसे?" मला उत्तर सुचले नाही. व्याकरणाच्या पुस्तकात ज्याला मी केवळ व्युत्पत्तीचा अवशेष म्हणून शिकवीत आले होते, तो स्वर माझ्यासमोर एका मुलीच्या तोंडी जिवंत होता.

प्रसंग लवकरच आला. पाचवीतल्या एका मुलाची कविता होती. कागदाची होडी करून तिला नाव ठेवण्याचा तिचा विषय, आणि नाव आणि नांव हे दोन शब्द तीत एकमेकांच्या हातात हात घालून आलेले. टिंब गेले तर कोणत्या ओळीत होडी आणि कोणत्या ओळीत नाव, हे वाचणाऱ्याने कसे ओळखावे? संपादकाने मुलाला बोलावले आणि कविता मोठ्याने वाचावयास सांगितली. तो देशावरचा मुलगा; त्याच्या जिभेवर दोन्ही शब्द तंतोतंत एकच उमटले. ती टाक हातात धरून ऐकत होती. तिने पुन्हा एकदा वाचावयास लावले, आणि मग एकही टिंब न देता ती कविता त्रेपन्नाव्या पानावर उतरवली.

ऑक्टोबरच्या अखेरीस उत्तर सीमेवरच्या युद्धाच्या वार्ता येऊ लागल्या. आमचे स्नेहसंमेलन रद्द झाले, त्याची वर्गणी संरक्षण निधीकडे गेली, आणि अंकाचे प्रकाशन असे झालेच नाही. २६ जानेवारी १९६३ ला झेंडावंदन आटोपल्यावर चौघांनी तो वाचनालयात नेऊन टेबलावर ठेवला आणि पाळीची यादी भिंतीला लावली.

पुढे दहा वर्षांनी, १९७२ साली, लेखनाच्या नियमांत आणखी चारांची भर पडली, तेव्हा त्या परिपत्रकाच्या निमित्ताने मी तो अंक कपाटातून काढून पुन्हा सावकाश वाचला. पंचाण्णवावे पान कोरे. शहाण्णवाव्यावर लेखकांची आणि संपादकांची यादी, तीत तिचे नाव सर्वांत खाली. यादीला मथळा कोणी लिहून दिलेला नव्हता. तो तिने आपल्या मनाने घातला होता, साऱ्या अंकात तिचा स्वतःचा असा तेवढा एकच शब्द: 'नांवें'. दोन्ही टिंबे ठसठशीत. मी कपाटात खाली ठेवलेली बारनिशी शोधून काढली. शेवटच्या पानावर, सर्व लेखांच्या नोंदी संपल्यावर, एक क्रमांक होता. तारीख २४ जानेवारी, लेखकाच्या रकान्यात तिचे नाव, विषयाच्या रकान्यात 'मथळा, पृष्ठ ९६', आणि अभिप्रायाच्या रकान्यात मुख्य संपादकाच्या वाकड्या, घाईच्या अक्षरात लिहिले होते: वाचून घेतले. राहू द्यावे.