सव्वादहा क्विंटलचा फोन

आमच्या घरात नवा फोन येणार, ही बातमी मला सर्वांत शेवटी कळली. वास्तविक फोन माझ्यासाठीच यायचा होता आणि पैसेही मीच द्यायचे होते. पण एवढ्या किरकोळ कारणासाठी मला विश्वासात घ्यावं, अशी आमच्याकडे पद्धत नाही.

"बाबा, तुमचा फोन चारचौघांत काढण्यासारखा राहिला नाही," चिरंजीव म्हणाले. तो सप्टेंबर २०२५ चा महिना. आयफोन १७ नुकताच बाजारात आला होता आणि त्याचे गुण चिरंजीवांना अकरावीच्या पुस्तकांपेक्षा जास्त पाठ होते. किंमत ८२,९०० रुपये. मी बसूनच ऐकत होतो, म्हणून पडलो नाही.

"वापरा तुम्हीच. मी फक्त सांभाळीन," त्याने उदार होऊन सांगितलं.

बी.कॉम. झालेल्या माणसाला स्वप्नंसुद्धा जमाखर्चासकट पडतात. रात्री मी कागद घेतला. किमतीच्या पोटात १८ टक्के जीएसटी, म्हणजे १२,६४६ रुपये. त्याच २२ सप्टेंबरला एसी २८ वरून १८ टक्क्यांवर उतरला. फोन मात्र १ एप्रिल २०२० ला १२ वरून १८ वर चढला, तो तिथेच बसलेला.

"मग एसीच घ्या ना," सौ. म्हणाली. "मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यात फोन काय वारा घालणार आहे?"

"हप्ते आहेत ना, बिनव्याजी!" चिरंजीव.

आता बँकेतल्या माणसापुढे हे बोलावं? शून्य टक्के व्याज अशी वस्तूच नसते, ते प्रक्रिया शुल्कात वगैरे लपवलेलं असतं, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच सगळ्या बँकांना कळवलं होतं. ते परिपत्रक आमच्या घरी मात्र अजून पोचलेलं नाही.

तरीही खरं सांगतो, मी विरघळत आलो होतो. चोवीस हप्ते केले तर महिना साडेतीन हजारांच्या आत बसत होतं. माणसाला एकदा 'बसतंय' असं वाटलं की तो उठत नाही.

दुसऱ्या दिवशी राळेगावच्या आमच्या शाखेत एक जुने खातेदार काका खिडकीशी आले.

"साहेब, सीसीआयले कापूस द्याचा त औंदा 'कपास किसान' अॅपवर नाव टाका लागते म्हणते. मोठा फोन पोराजोळ, अन् पोरगा पुण्याले. माह्या डब्ब्यात निसते आकडे."

"मग घ्या एखादा, काका."

"घेतो ना! पण फोन घ्याले पैसा पाह्यजे, पैशाले कापूस इका लागते, अन् कापूस इकाले फोन पाह्यजे. तुमीच सांगा, कोठून सुरू करू?"

बी.कॉम.च्या तिन्ही वर्षांत असा प्रश्न कधी आला नव्हता. जेवणाच्या सुट्टीत मी डबा बाजूला सारला. काचेला तडा गेलेल्या माझ्या फोनने सातबाऱ्याचा फोटो तिसऱ्या प्रयत्नात का होईना, वाचता येईल असा काढला. ओटीपी काकांच्या डब्ब्यावर आला. तो त्यांनी 'च्यार... सात...' करत अख्ख्या शाखेला ऐकवला. माझ्या डोक्यावर फलक होता : 'ओटीपी कोणालाही सांगू नका.'

नोंदणी झाली. काकांनी माझा फोन उलटासुलटा करून पाहिला.

"कितीले घेतला?"

"आठ हजार. पाच वर्षं झाली."

"म्हंजे एक कुंटल कापूस!" लांब धाग्याचा हमीभाव तेव्हा ८,११० होता, काकांना कागद लागला नाही. "एका कुंटलात एवढं काम करते? जपून ठेवा, साहेब. नवा त घेत नाही ना?"

मी मनातल्या मनात भागाकार केला. सव्वादहा क्विंटल. कोरडवाहू जमिनीत दोन-अडीच एकरांचं पीक, वेचणीसकट. आयुष्यात पहिल्यांदाच मला एक आकडा मोठ्याने सांगता आला नाही.

"छे छे," मी म्हणालो, "हाच बरा आहे."

संध्याकाळी घरी विचारणा झालीच. "काय ठरलं?"

"एक हंगाम थांबू."

"पण बाबा, पुढच्या वर्षी नवा फोन येईल!"

"येऊ दे," मी म्हटलं. "कापूसही येईल."