कढीपत्त्यावरची बहुरूपी

नोएडा असो, द्वारका असो की गुरुग्राम, मराठी माणसाच्या बाल्कनीत कढीपत्त्याची कुंडी असतेच. पावसाळा लागला की मला फोन येतात, ‘पानांवर पाखरांची शीट पडलीय, धुतली तरी जात नाही.’ ती शीट नसतेच. कॉमन मॉर्मन या फुलपाखराची ती कोवळी अळी. तपकिरी, मध्ये पांढरट डाग आणि वर ओलसर चकाकी, म्हणजे पक्ष्यालाही खावंसं वाटू नये. काही दिवसांत कात टाकत टाकत ती हिरवीगार होते. मग तिला बोटाने डिवचून पाहा. डोक्यामागून दोन फाट्यांचं लाल शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो.

पण माझा खरा जीव या फुलपाखराच्या माद्यांमध्ये अडकलाय. नर काळा, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची आडवी रांग. मादी मात्र एकाच प्रजातीत तीन रूपांत सापडते. एक थेट नरासारखी, दुसरी कॉमन रोझ या विषारी फुलपाखरासारखी, तिसरी क्रिमझन रोझसारखी. रोझ मंडळी ईश्वरीच्या कुळातल्या वेली खाऊन विष अंगात साठवतात, म्हणून पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. मॉर्मन मादीच्या अंगात विष नाही. ती फक्त वेश उचलते.

निसर्गशास्त्रज्ञ वॉलेसने 1865मध्ये या माद्यांवर लिहिलं. 1913मध्ये कीटकशास्त्रज्ञ फ्रायरने श्रीलंकेतल्या फुलपाखरांच्या पिढ्यांमागून पिढ्या पाळून ही रूपं आनुवंशिक असल्याचं दाखवलं. जनुक सापडायला मात्र 2014 उजाडलं. पुण्यात शिकलेले कृष्णमेघ कुंटे, शिकागोचे मार्कस क्रोनफोर्स्ट आणि सहकाऱ्यांनी ‘डबलसेक्स’ या एकाच जनुकावर बोट ठेवलं. कीटकांत नर-मादी भेद घडवणारं हे जुनं जनुक. इथे त्यानेच पंखांचं रंगकामही अंगावर घेतलंय. जपानी संशोधकांनी पुढच्याच वर्षी दाखवलं की गुणसूत्राचा तो तुकडा उलटा बसलेला आहे. उलट्या तुकड्याची सुलट्याशी अदलाबदल होत नाही. त्यामुळे काठ एका साडीचा आणि पदर दुसरीचा, असा घोळ पंखांवर होत नाही. वेश अख्खाच्या अख्खा लेकीकडे जातो.

नुसता रंगच नव्हे, चालही. 2015मध्ये जपानमध्येच मॉर्मनच्या उडण्याचे मार्ग तपासले गेले, तेव्हा वेश घेतलेल्या माद्या रोझसारख्या उडताना आढळल्या आणि नरासारख्या माद्या वेगळ्या. दिल्लीच्या लोधी गार्डनमध्ये आरामात तरंगत जाणारं ‘रोझ’ दिसलं तर लगेच नाव लिहू नका, अंग पाहा. रोझचं अंग लाल असतं, मॉर्मन मादीचं काळं.

नराच्या शरीरातही हे जनुक असतं, पण त्याच्या पंखांवर ते दिसत नाही. म्हणजे भटकणारा नर मुलींचा वेश कुणाला पत्ता लागू न देता एका मुलखातून दुसऱ्यात नेतो. तो वेश तिथे टिकणार की नाही, हे त्या मुलखात कोण राहतं यावर ठरतं. सिमल्याच्या डोंगरात दोन्ही रोझ नाहीत, तिथे नरासारखी मादी सर्रास दिसते. खाली दिल्लीत कॉमन रोझ आहे, म्हणून इथल्या मादीला तिच्या वेशाचा उपयोग होतो. आता उद्या ईश्वरीच्या वेली गेल्या तर रोझ जाईल, आणि पक्ष्यांना या वेशापासून लांब राहायचा धडा शिकवणाराच उरणार नाही.

मॉर्मनच नव्हे, इतर फुलपाखरंही भटकतात, आणि प्रवासाची किंमत शरीराला मोजावी लागते. दक्षिण भारतात मोसमी पावसाबरोबर ये-जा करणाऱ्या फुलपाखरांवर वैशाली भौमिक आणि कुंटे यांनी 2018मध्ये काम प्रसिद्ध केलं. स्थलांतर करणाऱ्या माद्यांची अंडी पिकलेली नसतात. आधी उडणं, मग वीण. पोचल्यावर हवं असतं योग्य झाड. दिल्लीच्या रिजवरचं, म्हणजे तिथल्या जंगली टेकड्यांवरचं, पायोनियर हे पांढरं, काळ्या शिरांचं फुलपाखरू असंच भटकं. त्याच्या अळीला करील, म्हणजे आपली नेपती, किंवा तिच्या कुळातलं झुडूप लागतं. रिजवर मात्र इंग्रजांच्या काळापासून विलायती कीकर, म्हणजे वेडी बाभूळ, पसरली आहे. तिच्या सावलीत देशी झुडपं तग धरत नाहीत.

सध्या सोसायट्यांमध्ये ‘बटरफ्लाय गार्डन’ची टूम आहे. टणटणी आणि परदेशी फुलं लावून मोकळे होतात. माझ्या मते हे निव्वळ खानावळ उघडणं आहे. मध मिळतो, अंडी घालायला पान नाही. तेव्हा आरडब्ल्यूएच्या, म्हणजे रहिवासी संघाच्या, पुढच्या बैठकीत फुलांच्या यादीआधी करील, बहावा, लिंबू आणि ईश्वरीची वेल मागा, आणि त्यांच्यावर कीटकनाशक मारायचं नाही हेही इतिवृत्तात लिहून घ्या.