रोहित पाहायला निघण्यापूर्वी

मुंबईत मुलांकडे मुक्कामाला आलेल्या ज्येष्ठांना आपण गेटवे दाखवतो, सिद्धिविनायकाचे दर्शन घडवतो. ठाणे खाडीतले रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, मात्र बहुधा राहून जातात. साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत ते हजारोंच्या संख्येने येथे असतात. खाडीचा हा भाग २०१५ साली अभयारण्य घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर पाणथळीचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला.

काही वर्षांपूर्वी मी माझ्या वडिलांना हे पक्षी दाखवायला शिवडीच्या जेट्टीवर नेले. वय ७८, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू. तासभर त्यांनी डोळे भरून पक्षी पाहिले. मग जरा टेकले आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन कोसळले. सुदैवाने हाड मोडले नाही. घरी आल्यावर ते ओशाळून म्हणाले, "तिथं लघवीची सोय नसली तर तुझी पंचाईत होईल, म्हणून सकाळपासून पाणीच घेतलं नाही." निघण्यापूर्वी मी त्यांचा रक्तदाब मोजला होता, गोळीची आठवण केली होती, हा साधा प्रश्न विचारायचे मात्र मला सुचले नव्हते.

प्रवासात पाणी टाळणारे असे अनेक वृद्ध मला दवाखान्यात भेटतात. संकोचामुळे ते बोलत नाहीत. म्हणून त्यांच्यासाठी स्थळ निवडताना स्वच्छतागृह, बसायची जागा आणि सावली यांची चौकशी आधी करावी, देखाव्याची नंतर. तशी सोय आहे हे ज्येष्ठांना निघतानाच सांगावे, म्हणजे ते निश्चिंतपणे घोटघोट पाणी घेतील. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिलेले असल्यास तेच पाळावे. लघवीची गोळी परस्पर बंद करू नये. त्या दिवशी ती उशिरा घेता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. बसल्यावर एकदम उठू नये. पावले हलवावीत, क्षणभर थांबावे, मग आधार घेऊन उभे राहावे.

वेळेचे गणित आपल्या कालनिर्णयातच आहे. ओहोटीला चिखल उघडा पडला की हे पक्षी चरण्यासाठी दूरवर पांगतात, आणि खाडीतली होडी भरतीच्या पाण्यावरच चालते. मुंबईच्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते. एकादशीला अकराची पाऊणपट म्हणजे सव्वाआठ. दशमी ते द्वादशी या तिथींना भरती अशी सकाळच्या उन्हाआधी साधते. मात्र एकादशीचा उपवास आणि मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन ही जोडी घातक ठरू शकते. अशा वेळी साखर एकाएकी उतरू शकते. तेव्हा त्या दिवशी खाऊनच निघावे आणि खिशात साखर ठेवावी.

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात खारफुटीतून जाणारी पायवाट आहे आणि हंगामात होडीची सोय असते. होडीची वेळ भरतीप्रमाणे बदलते, म्हणून आधी दूरध्वनी करावा. होडीत चढता-उतरताना तोल सांभाळावा लागतो. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत, त्यांनी पायवाटेवरच समाधान मानावे. दुर्बीण बसूनच वापरावी; उभ्याने ती डोळ्यांना लावून वळताना तोल जातो. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डासांचे मलम विसरू नये. एका सकाळी एकच ठिकाण पुरे.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही ऐरोलीला गेलो. पोहोचताच मी वडिलांना स्वच्छतागृह दाखवले. ते हसले, बाटली उघडून पाणी प्यायले आणि मगच होडीकडे निघाले. परतताना त्यांनी विचारले, "आईलाही आणू या का?"

आपल्या घरातल्या ज्येष्ठांना घेऊन निघाल, तेव्हा उंबरठ्यावरच विचारा: सकाळपासून पाणी किती घेतले?